चर्चच्या जोडउत्पन्नाला कर कधी लागतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नाशिक शहर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प आणि दिंडोरी तालुका येथून या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे चर्चच्या विश्वस्तांची, खजिनदारांची आणि पाळकांची आहेत. प्रश्न निरनिराळे असले, तरी जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच: ‘हा सगळा पैसा देवाच्या कामालाच लागतो, मग त्यावर कर कसा लागेल?’ पैसा कशासाठी खर्च होतो याला कायद्यात महत्त्व आहे, यात शंका नाही. परंतु तो कोठून आला, कोणाच्या नावावर जमा झाला आणि कोणत्या वहीत लिहिला गेला, या तीन गोष्टींनाही तितकेच महत्त्व आहे आणि अडचणी बहुतेक वेळा तेथेच निर्माण होतात.

आणखी एक खुलासा आधीच करतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम, १९६१ लागू आहे आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो. नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, मात्र धर्मादाय व धार्मिक संस्थांविषयीचा मूळ साचा तोच आहे. आपल्या हातातील नोंदणीचे आदेश आणि जुनी विवरणपत्रे यांवर १९६१ च्या अधिनियमाचीच कलमे असल्यामुळे खालील उत्तरांत मी तेच क्रमांक वापरले आहेत.

प्रश्न: आमच्या चर्चच्या आवारात एक हॉल आहे. तो लग्न, साखरपुडा, बारसे अशा कार्यक्रमांसाठी वर्षातून साधारण साठ दिवस जातो आणि दिवसाला १२,००० रुपये घेतले जातात. रस्त्याच्या बाजूला तीन दुकाने आहेत, प्रत्येकाचे भाडे दरमहा ९,००० रुपये आहे. आता एका मोबाइल कंपनीने गच्चीवर टॉवर उभारण्यासाठी दरमहा १८,००० रुपये देऊ केले आहेत. यावर आयकर आणि जीएसटी लागेल का? (एक विश्वस्त, नाशिकरोड)

उत्तर: प्रथम आपल्या ट्रस्टची आयकर खात्याकडे कलम १२ एबी खाली नोंदणी आहे का, आणि तिची मुदत संपलेली नाही ना, हे तपासा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे झालेली नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. ती असली म्हणजे आयकराची सवलत आपोआप मिळते, असा समज अनेक जुन्या मंडळ्यांमध्ये आहे आणि तो चुकीचा आहे. पूर्वी आयकराची नोंदणी एकदा झाली की कायम राहत असे. आता ती साधारणपणे पाच वर्षांसाठी असते. नोंदणीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत प्रत्येक वर्षी उत्पन्न पाच कोटी रुपयांच्या आत असलेल्या संस्थांना २०२५ च्या सुधारणेनंतर दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते. कपाटातील जुना आदेश पाहून निश्चिंत राहू नये.

नोंदणी चालू असेल, तर हॉलचे, दुकानांचे आणि टॉवरचे भाडे हे ट्रस्टच्या मालमत्तेपासून मिळालेले उत्पन्न ठरते आणि त्याला कलम ११ ची सवलत मिळते. मात्र ती विनाअट नाही. वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम ट्रस्टच्या उद्दिष्टांसाठी भारतात खर्च झाली पाहिजे, उरलेले १५ टक्के कोणतीही अट न घालता शिल्लक ठेवता येतात. समजा, भाडे, अर्पण, दशमांश आणि ठेवींवरील व्याज मिळून वर्षाचे उत्पन्न २० लाख रुपये झाले, तर १७ लाख रुपये खर्च होणे आवश्यक आहे. १४ लाखच खर्च झाले, तर उरलेले ३ लाख रुपये एखाद्या निश्चित कामासाठी, उदाहरणार्थ चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी, पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येतात. त्यासाठी विश्वस्तांचा ठराव करून फॉर्म क्रमांक १० मुदतीत दाखल करावा लागतो आणि रक्कम कायद्याने सांगितलेल्या प्रकारच्या गुंतवणुकीतच ठेवावी लागते. ‘पुढे कधीतरी लागतील’ एवढ्या कारणावर पैसे बँकेत पडून राहिले, तर ती रक्कम करपात्र होते. याच ८५ टक्क्यांच्या हिशेबात आणखी एक बारीक अट आहे: एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली असेल, तर तो खर्च मोजला जात नाही. गवंड्याला, मंडपवाल्याला रोख पैसे देण्याची सवय असलेल्या कमिट्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तसेच, खासगी घरमालकाला भाड्यातून जी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, ती कलम ११ च्या हिशेबात धरली जात नाही. येथे प्रत्यक्ष खर्चच पाहिला जातो.

हॉलच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा. केवळ जागा भाड्याने देणे आणि जागेबरोबर जेवण, मंडप, सजावट, ध्वनिव्यवस्था यांचे पॅकेज विकणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत. पहिल्या प्रकारात भाडे आहे, दुसऱ्या प्रकारात करनिर्धारण अधिकाऱ्याला व्यवसाय दिसू शकतो, आणि व्यवसायाचे नियम अधिक कडक आहेत. त्यांची माहिती पुढील उत्तरात दिली आहे. केटरर ग्राहकाने स्वतः ठरवावा आणि चर्चने फक्त जागेची पावती द्यावी, हा माझ्या मते लहान ट्रस्टसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

आता जीएसटी. आयकराच्या या कलमांखाली नोंदलेल्या ट्रस्टने सर्वसामान्य लोकांसाठी असलेल्या धार्मिक स्थळाच्या आवारातील जागा भाड्याने दिली, तर काही मर्यादेपर्यंत जीएसटी माफ आहे. हॉल किंवा मोकळी जागा असेल, तर भाडे दिवसाला १०,००० रुपयांपेक्षा कमी असले पाहिजे, व्यापारासाठी दिलेली जागा असेल, तर दरमहा १०,००० रुपयांपेक्षा कमी, आणि राहण्याची खोली असेल, तर दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी. त्यामुळे आपली दुकाने माफीत बसतात, हॉल आणि टॉवर बसत नाहीत. तरीही लगेच घाबरण्याचे कारण नाही. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. हॉलचे ७.२० लाख, दुकानांचे ३.२४ लाख आणि टॉवरचे २.१६ लाख मिळून आपली भाड्याची उलाढाल १२.६० लाख रुपये होते. माफ असलेली भाडीही या बेरजेत धरावी लागतात, परंतु अर्पण आणि दशमांश धरावे लागत नाहीत, कारण ते कोणत्याही सेवेचे मोल नाही. आपण जीएसटीसाठी नोंदलेले नाही आणि मोबाइल कंपनी नोंदलेली आहे, अशा स्थितीत १० ऑक्टोबर २०२४ पासून टॉवरच्या भाड्यावरील जीएसटी भरण्याची जबाबदारी कंपनीवरच येते.

टॉवरच्या करारावर सही करण्यापूर्वी त्याची मुदत जरूर पाहा. अशा कंपन्या सहसा दीर्घ मुदतीचा करार मागतात, आणि सार्वजनिक ट्रस्टची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला करार टिकत नाही. शिवाय अनेक चर्चच्या जागा स्थानिक मंडळीच्या नावावर नसतात, त्या धर्मप्रांताच्या किंवा मध्यवर्ती मालमत्ता ट्रस्टच्या नावावर असतात. तसे असेल, तर करार आणि भाडे दोन्ही त्या मालकाच्या नावाने आणि पॅन क्रमांकाने व्हावे लागतात. उपासनेच्या वास्तूला मिळणारी महापालिकेच्या मालमत्ता कराची सूट भाड्याने दिलेल्या भागाला मिळत नाही, याचीही भाडे ठरवताना गणना करावी.

प्रश्न: कापणीच्या सणाला मंडळी धान्य, भाज्या, फळे, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. नाताळाआधी महिला मंडळ केक, करंज्या, हस्तकलेच्या वस्तू यांची विक्री करते. याशिवाय फाटकाजवळ मेणबत्त्या, बायबल आणि गीतपुस्तकांचा एक छोटा स्टॉल बारा महिने चालतो. हे सगळे ‘व्यवसाय’ ठरेल का? (खजिनदार, शरणपूर रोड)

उत्तर: तिन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. कापणीच्या सणाचा लिलाव हा अर्पणाचाच पुढचा भाग आहे. वस्तू दान म्हणून येतात, लिलाव वर्षातून एकदा होतो, आणि दोन किलोच्या भोपळ्याला पाचशे रुपये देणारा माणूस भोपळा विकत घेण्यासाठी आलेला नसतो, हे कोणालाही समजते. ही रक्कम ट्रस्टचे उत्पन्न म्हणून नोंदवावी आणि ८५ टक्क्यांच्या हिशेबात धरावी. लिलावाची यादी, बोली लावणाऱ्याचे नाव आणि रक्कम एका वहीत लिहून त्यावर दोन कमिटी सदस्यांच्या सह्या घ्याव्यात. नाताळाच्या विक्रीबाबतही, ती वर्षातून एकदा आणि सेवाभावाने होत असेल, तर मी हेच म्हणेन. परंतु महिला मंडळाने स्वतःचे वेगळे बँक खाते उघडले असेल आणि ते ट्रस्टच्या ताळेबंदात दाखवले जात नसेल, तर ते तातडीने सुधारावे. अशा खात्यातील पैशाला कोणाचीच नोंदणी लागू पडत नाही आणि प्रसंगी तो खातेदार भगिनींचे वैयक्तिक उत्पन्न समजला जाऊ शकतो. निःस्वार्थपणे काम करणाऱ्या स्त्रियांवर अशी वेळ येऊ देणे योग्य नाही.

बारमाही स्टॉल मात्र व्यवसायाच्या व्याख्येत येतो आणि येथे कलम ११(४ए) समजून घेणे आवश्यक आहे. या कलमानुसार ट्रस्टच्या व्यवसायाचा नफा दोन अटींवर करमुक्त राहतो. पहिली अट अशी, की तो व्यवसाय ट्रस्टच्या उद्दिष्टांच्या पूर्तीला आनुषंगिक असला पाहिजे. दुसरी अट अशी, की त्याचे हिशेब स्वतंत्र ठेवले पाहिजेत. भाविकांना मेणबत्त्या, बायबल आणि गीतपुस्तके पुरवणे हे चर्चच्या उद्दिष्टांशी जोडलेले आहे, हे सांगण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत. दुसऱ्या अटीतच लहान चर्च अडकतात, कारण स्टॉलची विक्री दानपेटीच्या पैशांत मिसळलेली असते, खरेदीची बिले नसतात आणि वर्षअखेरीस नफा किती झाला हे कोणीच सांगू शकत नाही. स्टॉलसाठी वेगळी रोजकीर्द, वेगळी खरेदी-विक्रीची नोंद आणि शक्य असेल तर वेगळे बँक खाते ठेवा.

उद्दिष्टांशी थेट संबंध नसलेल्या व्यवसायाचे काय, असाही प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये थांती ट्रस्टच्या निकालात असे म्हटले होते, की व्यवसायाचे उत्पन्न ट्रस्टच्या उद्दिष्टांसाठीच वापरले जात असेल, तर तो व्यवसाय आनुषंगिक मानता येतो. पुढे २०२२ मध्ये न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या निकालात शिक्षणसंस्थांच्या संदर्भात याच न्यायालयाने व्यवसाय शिक्षणाशी संबंधित असावा, असा कडक अर्थ घेतला. त्यामुळे २००१ च्या निकालावर पूर्ण भिस्त ठेवून चर्चच्या नावाने बेकरी किंवा हार्डवेअरचे दुकान काढण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. नफा करपात्र होणे हा परिणामांचा सौम्य भाग आहे. उद्दिष्टांना आनुषंगिक नसलेला व्यवसाय चालवणे किंवा आनुषंगिक व्यवसायाचे स्वतंत्र हिशेब न ठेवणे, हे कलम १२ एबी खाली नोंदणी रद्द करण्याचे कारण आहे. नोंदणी रद्द झाली, तर मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेवर कमाल दराने कर आकारला जाऊ शकतो. नाशिकमधील चर्चच्या जमिनींचे आजचे भाव पाहता ही रक्कम कोणत्याही मंडळीला झेपणारी नाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत व्यापारी उत्पन्न चालते, असे अनेकांनी ऐकलेले असते. ती मर्यादा ‘सार्वजनिक उपयुक्ततेची इतर कामे’ या वर्गातील संस्थांसाठी आहे. धार्मिक कार्य, गरिबांना मदत, शिक्षण आणि वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थांना ती लागू नाही. म्हणून २० टक्क्यांच्या आत आहोत एवढ्यावर चर्च सुरक्षित ठरत नाही, आणि ती ओलांडली म्हणून दोषीही ठरत नाही. त्याच्यासाठी कसोटी कलम ११(४ए) चीच आहे.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. यात्रेच्या दिवसांत बाहेरच्या विक्रेत्यांना आवारात जागा दिली, तर ते भाडे आहे, चर्चची विक्री नाही. त्याची पावती वेगळ्या पुस्तकातून द्यावी.

प्रश्न: २०२७ च्या सिंहस्थात शहरात वाहनतळांची मोठी गरज भासेल. चर्चच्या मागचे मैदान आम्ही पार्किंगसाठी खुले करावे, तरुण संघाच्या मुलांनी स्वयंसेवक म्हणून काम करावे आणि मिळणारा पैसा चर्चच्या दवाखान्याला द्यावा, असा विचार आहे. (पाळक, नाशिक)

उत्तर: यात्रेकरूंची सोय आणि दवाखान्याला मदत, हे दोन्ही हेतू उत्तम आहेत. परंतु दर गाडीमागे पैसे घेऊन आठवडेच्या आठवडे वाहनतळ चालवणे हा व्यवसाय आहे, आणि काम करणारे विनावेतन आहेत म्हणून आपल्या कायद्यात तो व्यवसायाच्या बाहेर जात नाही. वाहनतळ हा उपासनेला कसा आनुषंगिक आहे, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागेल. शिवाय वाहनतळाच्या सेवेवर जीएसटी आहे, आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर नोंदणी करून तो भरावा लागेल.

माझा सल्ला असा आहे, की मैदान ठरावीक काळासाठी लेखी कराराने महापालिकेला किंवा वाहनतळ चालवणाऱ्या ठेकेदाराला द्यावे आणि चर्चने फक्त भाडे घ्यावे. ते मालमत्तेचे उत्पन्न ठरेल आणि त्यासाठी कलम ११ चा नेहमीचा मार्ग उपलब्ध राहील. काही महिन्यांच्याच करारासाठी कलम ३६ ची परवानगी लागणार नाही. मोकळ्या जागेचे भाडे दिवसाला १०,००० रुपये किंवा अधिक असेल, तर जीएसटीची माफी मिळणार नाही, हे विसरू नये. त्या वर्षी हॉलचे भाडेही याच बेरजेत येणार आहे, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एकदा आकडेमोड करून ठेवा.

तरीही स्वतःच वाहनतळ चालवायचे ठरले, तर क्रमांक छापलेल्या पावत्या वापरा आणि क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच लावा. घाईगर्दीत एखाद्या कार्यकर्त्याचा किंवा पाळकांचा स्वतःचा मोबाइल क्रमांक पैसे घेण्यासाठी पुढे केला जातो. तो पैसा नंतर चर्चकडे पोहोचला, तरी बँकेच्या नोंदीत तो त्या व्यक्तीचे उत्पन्न म्हणून दिसतो आणि खुलासा तिलाच द्यावा लागतो.

प्रश्न: माझा भाऊ अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. तो म्हणतो, तेथील चर्चना भाड्यावर कर नाही आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या दुकानावरही नाही. मग भारतात वेगळे का? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर: आपल्या भावाचे म्हणणे तेथील कायद्यापुरते बरेचसे बरोबर आहे. अमेरिकेत धर्मादाय संस्थांच्या ‘असंबंधित व्यवसाया’वर १९५० पासून कर आहे. त्याआधी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी शाळेच्या लाभासाठी एक मॅकरोनी बनवणारी कंपनी विकत घेतली गेली होती, आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या करदात्या कंपन्यांवर अन्याय होतो, असा आक्षेप पुढे आला. चर्च सुरुवातीला या करातून बाहेर होते, १९६९ च्या सुधारणेने त्यांनाही त्याच्या कक्षेत आणले गेले. तेथे तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: तो व्यापार किंवा व्यवसाय असावा, नियमितपणे चालवला जात असावा आणि संस्थेच्या मूळ कार्याशी त्याचा ठोस संबंध नसावा. जवळजवळ सर्व काम विनावेतन होत असेल, किंवा दान म्हणून आलेल्या वस्तूंचीच विक्री होत असेल, तर तो व्यवसाय वगळला जातो. स्थावर मालमत्तेचे भाडे, व्याज आणि लाभांशही साधारणपणे वगळले जातात, मात्र मालमत्ता कर्ज काढून घेतलेली असेल, तर भाड्याचा काही भाग करपात्र होऊ शकतो. असे असंबंधित एकूण उत्पन्न १,००० डॉलर किंवा अधिक झाले, की तेथील चर्चला फॉर्म ९९०-टी भरावा लागतो, जरी इतर संस्थांना भरावे लागणारे वार्षिक माहितीपत्रक चर्चना भरावे लागत नसले तरी. वाहनतळ संस्थेने स्वतः चालवणे आणि ती जागा दुसऱ्या चालकाला भाड्याने देणे, यांत तेथेही फरक केला जातो.

मूळ फरक असा आहे, की तेथे उत्पन्न कोठून येते यावर भर आहे, तर आपल्याकडे त्याच्या जोडीला ते कसे खर्च झाले हेही पाहिले जाते. म्हणून तेथे भाडे सरळ वगळले जाते, आणि येथे तेच भाडे ८५ टक्क्यांच्या अटीतून जाते. तेथील सवलती येथे सांगून अधिकाऱ्यांपुढे उपयोग होणार नाही.

भाऊ येथील चर्चला पैसे पाठवत असेल, तर एक सूचना. त्याच्याकडे अजून भारतीय पारपत्र असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे देणगी देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ती विदेशी देणगी ठरते आणि त्यासाठी चर्चकडे विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावीच लागते.

प्रश्न: चर्चच्या मालकीची काही एकर जमीन दिंडोरी तालुक्यात आहे. ती एका द्राक्ष बागायतदाराला खंडाने दिली आहे. त्या खंडावर कर आहे का? (सेक्रेटरी)

उत्तर: नाही. भारतातील जमीन शेतीसाठी वापरली जात असेल, तर तिचा खंड हे शेतीउत्पन्न आहे आणि ते कलम १०(१) खाली करमुक्त आहे. नोंदणीकृत ट्रस्टला कलम १० मधील बहुतेक सवलती मिळत नाहीत, पण शेतीउत्पन्नाची सवलत त्याला मिळते. सातबारा उताऱ्यावर पीकपाहणीची नोंद दरवर्षी बरोबर होते आहे ना, हे पाहा, कारण पुरावा म्हणून तीच मागितली जाते. शेतीसाठी मोकळी जमीन भाड्याने देण्यावर जीएसटीही नाही.

त्याच जमिनीचा एक तुकडा लग्नाच्या लॉन्ससाठी, शीतगृहासाठी किंवा जाहिरात फलकासाठी दिला, तर त्या भागाचे भाडे शेतीउत्पन्न राहत नाही. ते नेहमीच्या कलम ११ च्या हिशेबात येते. शेतजमिनीचा पट्टा दहा वर्षांपेक्षा जास्त असेल, तर येथेही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कुळकायद्याचा विषय स्वतंत्र आहे, त्यासाठी करार एखाद्या महसुली कामाच्या जाणकार वकिलांना दाखवावा.

प्रश्न: चर्चच्या एका गाळ्यात एका विश्वस्तांच्या भावाचे दुकान आहे. भाडे बाजारभावाच्या निम्मे आहे. कोणाचा आक्षेप नाही. (नाव नको)

उत्तर: मंडळीचा आक्षेप नसला, तरी कायद्याचा आहे. विश्वस्तांचा भाऊ कलम १३ च्या अर्थाने नातेवाईक आहे आणि त्याला अपुऱ्या भाड्याने जागा देणे हा ट्रस्टच्या मालमत्तेचा वैयक्तिक लाभ ठरतो. त्या लाभाइतक्या उत्पन्नावर ३० टक्के दराने कर लागतो आणि तेवढ्याच रकमेचा दंडही होऊ शकतो. पुन्हा तसे झाल्यास दंड दुप्पट होतो. भाडे बाजारभावाला आणा आणि तसा ठराव करा. संबंधित विश्वस्तांनी त्या ठरावावर मत देऊ नये.

प्रश्न: आमची स्वतंत्र प्रार्थना मंडळी सिडको भागात आहे. सभासद साठ-सत्तर आहेत. आम्ही संस्था म्हणून नोंद केली आहे, परंतु आयकराची नोंदणी घेतलेली नाही, कारण आमचे उत्पन्न फक्त अर्पणाचे आहे. संध्याकाळी त्याच जागेत फी घेऊन शिकवणीचे वर्ग चालतात. (एक सभासद)

उत्तर: या पत्राची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आयकराची नोंदणी नसलेल्या संस्थेला कलम ११ ची सवलत नाही, आणि धार्मिक संस्थेला स्वेच्छेने दिलेल्या देणग्याही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे उत्पन्नच आहेत. म्हणजे आपल्या बाबतीत शिकवणीची फीच नव्हे, अर्पणाचा पैसाही करपात्र ठरू शकतो. लहान, गरीब मंडळ्यांनाच याचा फटका बसतो, कारण त्यांच्याकडे सनदी लेखापाल नसतो आणि कोणी वेळेवर सांगितलेलेही नसते.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो. काम आधीपासून चालू असलेली संस्था थेट नियमित नोंदणी मागू शकते. सवलत साधारणपणे अर्ज केलेल्या आर्थिक वर्षापासून पुढे मिळते, मागील वर्षे त्यात भरून निघत नाहीत. म्हणून ३१ मार्च उलटण्याआधी अर्ज व्हावा. संस्थेच्या घटनेत उद्दिष्टे स्पष्ट लिहिलेली आणि विसर्जनानंतर मालमत्ता दुसऱ्या तशाच संस्थेकडे जाईल अशी तरतूद असावी, अन्यथा अर्जावर प्रश्न येतात.

शिकवणी वर्गांपुरते बोलायचे, तर गरीब मुलांना मोफत किंवा नाममात्र फीत शिकवणे हे धर्मादाय काम म्हणून दाखवता येईल. बाजारातल्या दराने चालणारे वर्ग हा व्यवसाय ठरेल. ते वर्ग प्रत्यक्षात एखाद्या शिक्षकाचे स्वतःचे असतील, तर त्यांच्याकडून लेखी कराराने जागेचे भाडे घ्या आणि फी त्यांच्याच नावाने जमा होऊ द्या.

प्रश्न: दानपेटीत कोण किती टाकतो हे कळत नाही. अशा निनावी पैशावर ३० टक्के कर लागतो, असे ऐकले. खरे आहे का? (खजिनदार)

उत्तर: केवळ धार्मिक असलेल्या ट्रस्टला हा कर लागत नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामे करणाऱ्या ट्रस्टलाही तो लागत नाही, मात्र त्याच्या शाळेसाठी, रुग्णालयासाठी किंवा दवाखान्यासाठी असे स्पष्ट सांगून निनावी देणगी दिलेली असेल, तर तिला ही सूट नाही. म्हणून ‘दवाखान्यासाठी मदत’ असे लिहिलेली पेटी वेगळी ठेवायची असेल, तर शेजारी नोंदवही ठेवून देणगीदाराचे नाव आणि पत्ता घ्यावा. उपासनेच्या वेळी फिरणारी थैली आणि वेदीजवळची पेटी आहे तशीच राहू द्या. प्रत्येक वेळी मोजणी दोन-तीन जणांसमोर करून पत्रकावर सह्या घ्या आणि रक्कम दुसऱ्या दिवशीच बँकेत भरा. वर्षाचे उत्पन्न सवलतीपूर्वी करमुक्त मर्यादेच्या वर जात असेल, तर लेखापरीक्षण अहवाल सामान्यतः ३० सप्टेंबरपर्यंत आणि आयटीआर-७ हे विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत दाखल करायचे असते, आणि ही मोजणीपत्रके लेखापरीक्षकांना त्याच वेळी लागतात.